गॉटिंगन विद्यापीठ : भांडारकरांच्या मानद पदवीचे मूळ कागद कुठे मिळतील?

मंडळी, जर्मनीत गॉटिंगनला शिकलेलं किंवा सध्या तिकडे असलेलं कुणी आहे का इथे? विद्यापीठाच्या इतिहासावर लेख लिहितेय. 1737 ला सुरू झालं, गाऊस, रीमान, हिल्बर्ट हे गणितज्ञ, मग 1933 ला नाझींनी गणितज्ञ एमी नोएदर, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न वगैरेंना काढलं आणि जगभरातले लोक जिथे गणित शिकायला यायचे ते ठिकाण बघता बघता ओस पडलं, हे सगळं भरपूर सापडतंय, तिथे काही अडलेलं नाही.

अडलंय ते पुण्याच्या धाग्यावर. कीलहॉर्न हे जर्मन संस्कृत पंडित, आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्रोफेसर, पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती काढली ते हेच, नंतर ते गॉटिंगनला गेले आणि 1885 ला रा. गो. भांडारकरांना तिथली मानद डॉक्टरेट मिळाली. नाव कीलहॉर्ननीच सुचवलं असणार असं मला वाटतं, पण वाटतं म्हणून छापता येत नाही ना!

विकिपीडिया, भांडारकरांवरचे लेख सगळं चाळलं, सगळीकडे तीच एक ओळ. माझं जर्मन ए-वनच्या (A1, अगदी पहिल्या पातळीच्या) पुढे नाही त्यामुळे साइटवरची जर्मन पानं डोक्यावरून जातात. तिकडे जाणं शक्य नाही, स्कॅन चालेल, फी असेल तर भरेन. अ‍ॅडमिशन आणि रँकिंगच्या लिंका प्लीज नको.

तर त्या काळचे फॅकल्टीचे ठराव विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये असतात का लायब्ररीच्या हस्तलिखित विभागात, आणि इंग्रजीत मेल केला तर उत्तर देतात का ते लोक?