मदत हवी आहे : १९८२ च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मधला ‘मॉन्सून’चा भाग कोणत्या तारखेचा?

बीबीसीवर दर गुरुवारी लागणाऱ्या पॉप गाण्यांच्या त्या कार्यक्रमात शीला चंद्रा यांनी ‘मॉन्सून’ या बँडतर्फे ‘एव्हर सो लोनली’ गायलं होतं. सतार-तबल्यावरचं हे गाणं १९८२ मध्ये ब्रिटिश चार्टवर (गाण्यांच्या खपाच्या साप्ताहिक क्रमवारीत) बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पाश्चात्त्य पॉपमधल्या भारतीय वाद्यांवर वीस मिनिटांचं सादरीकरण करतोय. पाटीवर तारीख अचूक हवी, अंदाजे नको.

माझ्याकडची प्रत जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेली आहे. निवेदक बोलून गेल्यानंतरच सुरू होते, आणि खालच्या पट्टीवरचा आकडा इतका फुटलाय की २ आहे की ७, तेही कळत नाही.

आतापर्यंत केलेलं : बीबीसीच्या जीनोम संकेतस्थळावर (जुन्या छापील कार्यक्रमपत्रिकांचा संग्रह) त्या महिन्यांतले सगळे गुरुवार पाहिले. निवेदक कळले, गाणारे नाहीत. साहजिकच आहे म्हणा, नवा चार्ट मंगळवारी यायचा आणि कार्यक्रम दोनच दिवसांनी, मग आधी छापणार कुठून! यूट्यूबवरच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. बीबीसी फोरवरचं पुनःप्रसारण भारतातून बघता येत नाही. काही निवेदकांचे भाग तर पुन्हा दाखवलेच जात नाहीत.

चार्टवर खाली घसरलेलं गाणं सहसा घेत नसत, एवढ्यावरून काही आठवडे गाळलेत. उरलेल्यांतून नेमका गुरुवार कसा काढू? आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणाकडे त्या भागाचं सुरुवातीचं निवेदन आहे का?