स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्हसाठी स्कॅनर कुठला घ्यावा? (१२० म्हणजे रुंद रोलची ब्लॅक अँड व्हाइट जास्त, ३५ एमएम कलर थोडं)

मिरजेची_स्टुडिओवाली
नमस्कार मंडळी. आमचा मिरजेत पोर्ट्रेट स्टुडिओ आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला, आता मी आणि मिस्टर बघतो. रोजचं काम म्हणजे पासपोर्ट, बाळांचे फोटो, लग्नसराईत लग्नं, जूनमध्ये ॲडमिशनच्या फॉर्मांची गर्दी, ते सगळं डिजिटलच. पण एक काम हल्ली खूप वाढलंय. घरातलं कोणी गेलं की लोक येतात, तुमच्याकडे आमच्या बाबांचा फोटो काढला होता, निगेटिव्ह असेल का बघा, दिवसकार्याच्या आधी १२ बाय १५ फ्रेम करून पाहिजे. आणि बहुतेक वेळा सापडते हो! सासऱ्यांनी रजिस्टर ठेवलंय, नाव, तारीख, पाकिटाचा नंबर, सगळं त्यांच्या अक्षरात, त्यामुळे पाकीट काढायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचं काम तिथेच अडतं. शहरात आता कोणी एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं डार्करूमचं यंत्र) चालवत नाही आणि बाहेर पाठवायला तेवढा वेळ नसतो.

निगेटिव्ह जास्त करून याशिका १२४जी कॅमेऱ्यावरच्या ६ बाय ६ सेंटिमीटर, ब्लॅक अँड व्हाइट. नंतरच्या ३५ एमएम कलर. त्याशिवाय आधीच्या मालकाकडून आलेल्या थोड्या काचेच्या प्लेटा (काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह) पण आहेत. मी स्वतः पण अधूनमधून इलफर्ड एचपी५ फिल्मवर पोर्ट्रेट काढते, मागणारं गिऱ्हाईक आहे, तेही स्कॅन करायचंय. प्लस्टेकचा स्कॅनर घेऊ, एप्सनचा घेऊ की कॅमेऱ्यानेच करू? दुकानदार म्हणतो ७२०० डीपीआय (इंचाला तितके ठिपके) वाला घ्या, त्याच्यापुढे बाकी सगळे कमीच.

लाल_दिवा
ताई, आधी तो ७२०० चा आकडा बाजूला ठेवा. प्लस्टेक ८१०० आणि ८२००आय दोन्ही फक्त ३५ एमएमचे आहेत, तुमची ६ बाय ६ ची पट्टी त्यात जाणारच नाही, म्हणजे विषय तिथेच संपला. शिवाय खोक्यावर लिहिलेलं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष मिळणारा तपशील यात खूप फरक असतो. प्लस्टेकचं खरं साडेतीन हजाराच्या आसपास येतं, एप्सन व्ही६०० आणि व्ही८५० दोन्हींवर ६४०० लिहिलंय पण व्ही६०० खरं साधारण १५०० देतो आणि व्ही८५० साधारण २३००.

आता हे तुमच्या कामात बसवून बघा. ६ बाय ६ ची निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिमी, म्हणजे सव्वादोन इंचाला थोडी कमी. १५०० ने बाजूला ३३०० पिक्सेल मिळतात, त्यातून १५ इंच उंच फोटो काढला तर इंचाला २२० पडतात, भिंतीवरच्या फ्रेमला ते पुरतं. २३०० ने ५००० च्या वर जातात, मग तर प्रश्नच नाही. मोठी निगेटिव्ह असल्याचा फायदा हाच, ३५ एमएमला जेवढा भारी स्कॅनर लागतो तेवढा इथे लागत नाही.

दुसरी गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारं ते डिजिटल आईस इन्फ्रारेडवर चालतं. कलर निगेटिव्हमधल्या डायमधून इन्फ्रारेड आरपार जातो, धुळीला मात्र अडतो, त्यामुळे मशीनला कळतं धूळ कुठंय. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते आणि ती स्वतःच इन्फ्रारेड अडवते, मग मशीन चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. तुमचं ९० टक्के काम ब्लॅक अँड व्हाइट असेल तर आईससाठी जास्त पैसे मोजू नका. ब्लोअर, मऊ ब्रश आणि फोटोशॉपमध्ये हाताने स्पॉटिंग (एकेक डाग पुसणं), याला दुसरा उपाय नाही.

काचेच्या प्लेटा असतील तर माझं मत व्ही८५०. व्ही६०० ची फिल्म स्कॅन करायची जागा जेमतेम पावणेतीन इंच रुंद आहे, क्वार्टर प्लेट (सव्वातीन बाय सव्वाचार इंची काच) एका वेळी मावत नाही. व्ही८५० ची ८ बाय १० इंच. त्याच्या होल्डरची उंची कमीजास्त करता येते, फोकस बसवायला ते फार कामाचं आहे, आणि होल्डर दोन जोड येतात, एक आत असताना दुसरा भरून ठेवता येतो. रोज गिऱ्हाईक सांभाळून हे काम करणाऱ्याला हे डीपीआयपेक्षा महत्त्वाचं वाटतं मला.

पट्टी_आणि_पाकीट
लाल_दिवा यांचं बरोबर आहे पण एक मुद्दा राहिला. दिवसकार्याचा फोटो दरवेळी सरळ पोर्ट्रेटमधून येतो का? माझ्याकडे तर निम्म्या वेळा ग्रुप फोटोच असतो. दहा माणसं उभी आणि आजोबा मागच्या ओळीत डावीकडून तिसरे. निगेटिव्हवर त्यांचं डोकं असतं ४ मिमी. व्ही६०० ने त्याचे मिळतात अडीचशेच्या आतले पिक्सेल, व्ही८५० ने साडेतीनशेच्या आसपास. तिथे मी कॅमेराच वापरतो. २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा), मॅक्रो लेन्स १:१ वर (निगेटिव्हवर जेवढं तेवढंच सेन्सरवर), आणि सरळ त्या चेहऱ्यावरच जायचं, साडेसहाशे पिक्सेलच्या वर मिळतात. त्या ४ मिमीतून डोळे, मिशी, टोपीची घडी वर येते, बघून घरातले लोक गप्प होतात.

पण हेही सांगतो, अख्खी ६ बाय ६ एकाच शॉटमध्ये घेतली तर २४ मेगापिक्सेलवाला जास्तीत जास्त ४००० बाय ४००० देतो, म्हणजे १८०० डीपीआय, व्ही८५० पेक्षा कमीच. कॅमेरा स्कॅनिंग सगळीकडे सरस असं जे यूट्यूबवर ठोकून सांगतात ते ३५ एमएमसाठी खरं आहे, मिडियम फॉरमॅटला (६ बाय ६ सारख्या मोठ्या निगेटिव्हला) तुकडे काढून जोडत बसायची तयारी पाहिजे.

करणार असाल तर लाइट पॅनल ९५ च्या वर सीआरआयचं (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या, निगेटिव्ह पॅनलवर थेट टेकवू नका, मध्ये दुधी ॲक्रिलिक आणि थोडं अंतर ठेवा, नाहीतर पॅनलचे ठिपके येतात. बाजूचा उजेड काळ्या कागदाने झाका. कॅमेरा समांतर आहे का बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्समधून बघा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं. स्पिरिट लेव्हलपेक्षा हे पक्कं.

मिरजेची_स्टुडिओवाली
दोघांचेही मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. अजून एक विचारते. सासरे निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायचे. डोळ्याखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, सगळं बारीक टोकाच्या पेन्सिलने इमल्शनच्या (चित्राच्या थराच्या) बाजूला. उजेडावर तिरकी धरली की गालावर बारीक बारीक रेघांची जाळी दिसते. स्कॅनमध्ये ती दिसेल का? आणि काही पाकिटांत बुरशी आहे, आमच्याकडचा पावसाळा माहितीये तुम्हाला, ती धुऊ का?

लाल_दिवा
धुऊ नका!! पाणी तर अजिबात नाही. बुरशी इमल्शनमधलं जिलेटिन खाते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं, चेहऱ्यासकट निघून येईल. आधी जशी आहे तशी स्कॅन करून घ्या, मग वरची कोरडी बुरशी मऊ ब्रशने हलकेच काढा, मास्क लावून आणि स्टुडिओच्या बाहेर. टचिंग केलेल्या बाजूला आयसोप्रोपिल किंवा कुठलाही क्लीनर लावू नका, पेन्सिल पुसली गेली की सासऱ्यांचं काम गेलं. ज्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते लगेच वेगळ्या डब्यात, ॲसिटेट (फिल्मचं प्लास्टिक) सडायला लागलेलं असतं, शेजारच्या पाकिटांना पण लागतं, आणि स्कॅनिंगमध्ये पहिला नंबर त्यांचा.

पेन्सिलच्या रेघा दिसतील, पॉझिटिव्हमध्ये पांढरट. उजेड जितका पसरट तितक्या कमी, म्हणून दुधी ॲक्रिलिकवाला कॅमेरा सेटअप इथे बरा पडतो. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग बंद ठेवा, त्याने जाळी उठून दिसते. आणि माझं ऐकाल तर मास्टर फाइलमध्ये त्या रेघा तशाच राहू द्या, १६ बिट टिफ करा, ६ बाय ६ ची २४०० ने ग्रेस्केल फाइल ५५-६० एमबीच्या आसपास होते, फार नाही. प्रिंटच्या कॉपीत हव्या तेवढ्या सौम्य करा. अशा हाताचं टचिंग करणारी माणसं आता कितीशी राहिलीत.

नवा_गडी
मध्येच विचारतो, सेकंडहँड निकॉन कूलस्कॅन ९००० मिळतोय ओळखीत, १२० पण करतो म्हणे. ताईंना तो नाही का चालणार?

पट्टी_आणि_पाकीट
मशीन अप्रतिम आहे, ४००० डीपीआय आणि ते खरेखुरे. पण बंद होऊन दहा वर्षांच्या वर झाली, फायरवायरवर (जुन्या प्रकारच्या केबलवर) चालतं, आजच्या लॅपटॉपला लावायला ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर आणि व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर लागतं, बिघडलं तर पार्ट कुठून आणणार. छंदासाठी जरूर घ्या. ताईंच्या दारात मात्र घरी पाहुणे जमलेला माणूस उभा असतो, तिथे मशीन आज चालू होईल का ही धाकधूक नको.

मिरजेची_स्टुडिओवाली
मिस्टरांशी बोलले. व्ही८५० बघतोय, आणि कॅमेरा आहेच त्यामुळे ग्रुप फोटोंसाठी फक्त मॅक्रो लेन्स आणि पॅनल घेऊ. सगळी कपाटं एकदम स्कॅन करायला बसणार नाही, आधी वासाची आणि बुरशीची पाकिटं, मग काचेच्या प्लेटा, बाकी ऑर्डर येईल तशी, आणि फाइलला नाव रजिस्टरमधल्या नंबरचंच. पुण्यात किंवा कोल्हापुरात व्ही८५० प्रत्यक्ष चालवून दाखवणारं कोणी माहीत असेल तर कळवा, दोन निगेटिव्ह घेऊन मी स्वतः येईन.