मदत हवी आहे: ओढ्याकाठी बाल्सम, उतारावर ससे

ओढेकाठ:
इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये चुनखडीच्या टेकडीखाली अर्धा एकर जागा आहे. ओढ्याकाठी गुलाबी फुलांचा हिमालयन बाल्सम माजलाय. वरच्या उतारावर सशांची बिळं आहेत. नोव्हेंबरात लावलेल्या हॉथॉर्न आणि हेझल या झुडपांच्या रोपांची साल त्यांनी वीतभर सोलून खाल्ली. बिळांभोवती रॅगवर्ट हे पिवळ्या फुलांचं विषारी तणही वाढतंय. पाणी जवळ असल्यामुळे फवारणी नको. सुरुवात कुठून करू?

रानवाट:
बाल्समपासून, कारण त्याला मुहूर्त चुकवून चालत नाही. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, 1839 साली बागेतली शोभा म्हणून हिमालयातून इंग्लंडात आणलेला. पिकलेल्या बोंडाला हात लागला की बी 7 मीटरपर्यंत उडतं, आणि एका झाडाला सुमारे 800 बिया. त्यामुळे बोंडं धरण्याआधी, म्हणजे मेअखेर ते जूनमध्ये उपटा. मुळं उथळ असतात, ओल्या मातीतून अख्खं झाड हातात येतं. विळ्याने कापायचं तर सगळ्यात खालच्या पेराच्याही खाली कापा. वर कापलंत तर उरलेल्या पेरातून फुटवे येऊन त्यांना पुन्हा फुलं धरतात. उपटलेली झाडं ओल्या काठावर टाकू नका, पेरांना मुळं फुटतात. दांडे चिरडून कोरड्या जागी ढीग करा. दर तीन आठवड्यांनी फेरी मारा, खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या नेटलखाली उशिरा उगवलेली रोपं लपलेली असतात. बी मातीत साधारण 2 वर्षं तग धरतं, म्हणून तीन हंगाम धरून चला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला बाल्सम असेल तर आधी त्या शेजाऱ्याशी बोला, नाहीतर प्रत्येक पुरासोबत नवं बी येणार.

माळरान:
रोपांसाठी 31 मिमी छिद्रांची जाळी घ्या. 50 मिमीच्या जाळीतून पिल्लं आरपार जातात. जमिनीवर 900 मिमी उंची हवी, आणि खालची 150 मिमी जाळी बाहेरच्या, म्हणजे सशांच्या बाजूला जमिनीवर आडवी दुमडून खुंट्यांनी दाबायची. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो आणि तिथे त्याच्या पायाखाली जाळीच येते. कुंपण बंद करण्याआधी आत एकही बीळ नाही याची खात्री करा. बहुतेकांची चूक फाटकाखाली होते. तिथे लाकडी उंबरा बसवा. रोपं थोडी असतील तर प्रत्येक रोपाभोवती घालायच्या 60 सेंमी उंच नळ्या पुरतात, पण हरणं येत असतील तर नाही.

रॅगवर्ट मात्र परकं नाही, इथलंच आहे. ससे भोवतीचं गवत खातात, माती उकरून उघडी करतात आणि हे कडू झाड तेवढं सोडतात. त्या उघड्या मातीत त्याचं बी रुजतं. शेजारी घोडे किंवा चाऱ्याचं कुरण असेल तरच फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट काढा. वाळल्यावर त्याचं विष जात नाही, आणि चाऱ्यात मिसळलं की जनावरांना ते ओळखूही येत नाही.

ओढेकाठ:
मग उतारावरचे ससे पूर्णच घालवावेत का?

माळरान:
कृपया नको. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली, बहुतेक ससे मेले आणि चुनखडीचे कितीतरी उतार झुडपांनी भरले. आखूड गवतात राहणाऱ्या मुंग्या कमी झाल्या, त्यांच्यावर अवलंबून असलेलं लार्ज ब्लू फुलपाखरू 1979 पर्यंत ब्रिटनमधून नाहीसं झालं. शेजाऱ्याच्या पिकाचं नुकसान होत असेल तर उपद्रवी प्राण्यांबाबतच्या 1954 च्या ब्रिटिश कायद्याने सशांना आवरण्याची जबाबदारी तुमची, पण तसं नसेल तर फक्त रोपांना कुंपण घाला, उतार त्यांना चरू द्या.

रानवाट:
आणि बाल्सम निघाल्यावर काठ उघडा ठेवू नका, हिवाळ्यात माती वाहून जाते. ऑगस्टअखेर स्थानिक गवताचं बी पेरा, कोवळं असेपर्यंत त्यावरही जाळी अंथरा.