जुनी व्यावसायिक कुस्तीची कार्डे आणि स्वाक्षऱ्या : संग्रहाची सुरुवात कोठून करावी?

सातारकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझे मामा १९८२ साली नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. गेल्या दिवाळीत ते साताऱ्यास आले असता त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हाती ठेवला. डब्यात टॉप्स कंपनीने १९८५ मध्ये काढलेली डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीची (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) ४१ कार्डे रबराने बांधलेली होती. रबर वितळून वरच्या कार्डाच्या कडेला चिकटला आहे. त्यांतील आयर्न शेकच्या कार्डावर निळ्या बॉलपेनने सही आहे. त्याखेरीज आंद्रे द जायंटचा आठ बाय दहा इंची कृष्णधवल फोटो आहे आणि त्यावर काळ्या शाईत सही दिसते.

माझी पिढी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर वाढली. मधल्या सुट्टीत उंची, वजन, छाती आणि दंडाचे आकडे पुकारत आम्ही एकमेकांचे पत्ते जिंकत असू, त्यामुळे या मल्लांची नावे मला आजही तोंडपाठ आहेत. परंतु त्यांच्या मूळ अमेरिकी कार्डांविषयी मला काहीच ठाऊक नाही. आता हा संग्रह नीट वाढवावा अशी मनापासून इच्छा आहे. वर्षाला साधारण ४०,००० रुपये बाजूला काढू शकतो. आधी काय घ्यावे, सह्या खऱ्या आहेत हे कसे ओळखावे, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात हे सर्व कसे टिकवावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एडिसनवासी

सातारकर, आपल्या मामांनी आपल्याला फार चांगली सुरुवात करून दिली आहे. मी गेली अठरा वर्षे येथे न्यू जर्सीतील एडिसनमध्ये हीच कार्डे जमवतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९८५ चा टॉप्स संच ६६ कार्डांचा आहे आणि त्याच्यासोबत २२ स्टिकर आहेत. ३१ मार्च १९८५ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया हा डब्ल्यूडब्ल्यूएफचा मोठा वार्षिक कार्यक्रम प्रथमच झाला, त्याच सुमाराचा हा संच असल्यामुळे त्या काळातील बहुतेक मोठी नावे त्यात सापडतात आणि पहिल्या क्रमांकाचे कार्ड हल्क होगनचे आहे. त्या काळी ही कार्डे भरपूर छापली गेली, त्यामुळे मध्यम अवस्थेतील सुटी कार्डे आजही आवाक्यात आहेत. माझा पहिला सल्ला असा, की आपल्याकडे नसलेली २५ कार्डे आधी शोधावीत. संच पूर्ण करताना माणसाची नजर तयार होते : कार्ड डावी-उजवीकडे सरकून कापले गेले आहे का, कोपरा मऊ झाला आहे की दुमडला आहे, पाठीमागे पाकिटाच्या मेणकागदाचा डाग आहे का, हे शंभर कार्डे हाताळल्याशिवाय कळत नाही. ही नजर येण्याआधी महागडे कार्ड घेऊ नये.

संग्राहकांचा जीव खरा अडकतो तो १९८२ च्या रेसलिंग ऑल स्टार्स संचांत. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन मालिका निघाल्या, प्रत्येकी ३६ कार्डांच्या. ‘ए’ मालिकेत पहिले कार्ड आंद्रेचे, दुसरे होगनचे, आणि रिक फ्लेअरचे कार्डही त्याच मालिकेत आहे. हे संच दुकानात च्युइंगगमबरोबर विकले जात नव्हते. कुस्तीच्या मासिकांमार्फत टपालाने मागवावे लागत. त्यामुळे ते मोजक्याच घरांत पोहोचले, आणि कोणी आपल्याला १९८२ चे ‘न उघडलेले पाकीट’ देऊ केले तर तेथूनच मागे फिरावे. उत्तम श्रेणीतील होगन किंवा आंद्रे आज लाखांच्या घरात जातो. आपल्या रकमेत त्याच मालिकेतील कमी प्रसिद्ध मल्लांची कार्डे बसतील, आणि माझ्या मते तीच घ्यावीत, कारण कागद, छपाई आणि कापणी तीच असते. पुढे मोठे कार्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा घरात ताडून पाहण्यास अस्सल नमुना तयार असेल.

याच्याही मागे जायचे असेल तर कॅनडात पार्कहर्स्ट कंपनीने १९५४-५५ मध्ये काढलेला ७५ मल्लांचा संच आहे, आणि त्याच्याही आधी १८८७ मध्ये ॲलन अँड गिंटर या तंबाखू कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घातलेल्या विजेत्यांच्या चित्रांत विल्यम मल्डूनसारखे पैलवान होते. हे प्रांत पुढच्यासाठी राखून ठेवावेत.

हिशेबनीस

वरील प्रतिसादात दोन व्यावहारिक गोष्टींची भर घालतो. ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते आणि खरा भाव तोच. दुसरे म्हणजे भारतात मागवताना सीमाशुल्क कार्डाच्या किमतीवर टपालखर्च मिळवून आकारले जाते, म्हणून एकेक कार्ड मागवणे परवडत नाही. मामांच्या पत्त्यावर वर्षभर कार्डे जमा करावीत आणि कोणी येणारे असेल तेव्हा आणवून घ्यावीत. मात्र येणाऱ्याने ती सामानात न टाकता हातातील पिशवीत आणावीत.

एडिसनवासी

आता सह्यांविषयी. येथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे, ती सांगतो, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

२०११ च्या उन्हाळ्यात मी एका प्रदर्शनात गॉर्जस जॉर्ज या जुन्या मल्लाचा स्वाक्षरीचा फोटो घेतला. सोबत सोनेरी मोहोरेचे प्रमाणपत्र होते. फोटो खरोखरच जुना होता, सहीचे वळणही ओळखीचे होते, आणि मी रोख पैसे मोजले. घरी आल्यावर दिव्याखाली पाहिले, तर सही शार्पी या बारीक टोकाच्या मार्करची होती. शार्पी बाजारात आला १९६४ मध्ये, आणि गॉर्जस जॉर्ज वारला २६ डिसेंबर १९६३ रोजी. प्रमाणपत्र देणारा आणि फोटो विकणारा माणूस एकच होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. त्या दिवसापासून मी विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला कागदाच्या तुकड्याइतकीच किंमत देतो. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या संस्थांनी तपासलेली सही असेल तरच विचार करतो, आणि त्यांचा क्रमांकही त्यांच्या संकेतस्थळावर घालून पाहतो, कारण त्यांच्या चिठ्ठ्यांच्याही नकला होतात.

आता आपल्या आंद्रेच्या फोटोविषयी. आंद्रे २७ जानेवारी १९९३ रोजी पॅरिसमध्ये वारला. आज प्रदर्शनांत मल्ल टेबलाशी बसून ठरलेल्या शुल्कात तासन्‌तास सह्या देतात, ती पद्धत फोफावण्याआधीचा तो माणूस, त्यामुळे त्याच्या अस्सल सह्या थोड्या आणि नकला पुष्कळ आहेत. शिवाय प्रसिद्धीच्या फोटोंवर सही अनेकदा फोटोबरोबरच छापलेली असते. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. चाहत्यांना वाटण्यासाठीच ते फोटो केलेले असत. म्हणून कोणाकडेही पाठवण्याआधी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तसे. सहीची रेघ भिंगाखाली बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती छापील आहे. मग फोटो उजेडात तिरका धरावा : पेनाची शाई पृष्ठभागावर बसलेली असते, तिची चमक वेगळी असते, आणि बॉलपेनने लिहिले असेल तर टोकाने दाबलेली चर दिसते.

आयर्न शेकच्या कार्डाबाबत मामांना एवढेच विचारावे : ही सही तुमच्या देखत केली गेली का, कोठे, आणि सोबत कोण होते?

रजनीगंधा

मी मुंबईत जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करते. कुस्तीची मला फारशी माहिती नाही. परंतु पुठ्ठा आणि शाई यांचे वैरी सगळीकडे सारखेच असतात.

सातारकर, चिकटलेला रबर ओढून काढू नका. कोरडा झाला असेल तर तो हळूहळू तुकड्यांनी निघतो. चिकट असेल तर कार्ड तसेच बाजूला ठेवा. पाणी, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही लावू नका, कारण रबराबरोबर छपाईही निघून येते. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पिशवीत घालून मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, सरकवा. पीव्हीसीचे अल्बम टाळा. त्यांचा वास येतो तोच त्यांच्यातून सुटणारा पदार्थ पुढे कागदाला डसतो. ज्या अल्बमात चिकट पानावर फोटो ठेवून वरून पारदर्शक कागद ओढतात, ते अल्बम तर घरातूनच काढून टाका. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बिघडलेल्या फोटोंचे मूळ तेथेच असते.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि स्वस्तातला एक आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. पुड्या जूनमध्ये एकदा घालून विसरू नका. रंग बदलणाऱ्या घ्या आणि रंग बदलला की तापवून कोरड्या करा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, कारण ती भिंत आतून ओल धरते आणि प्रथम बुरशी तेथेच येते. डांबराच्या गोळ्या टाकू नका. कसर लागण्याची भीती असेल तर दर महिन्याला डबा उघडून पाहणे हाच खरा उपाय आहे.

सहीचे कार्ड भिंतीवर लावायचा मोह होईल. लावायचेच असेल तर त्याची रंगीत प्रत लावा. बॉलपेनची निळी शाई उजेडात उडते आणि उडालेली शाई कोणालाही परत आणता येत नाही.

सातारकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. राजवाड्याजवळच्या घड्याळजींकडून भिंग आणले आणि काल रात्री पाहिले.

आंद्रेची सही ठिपक्यांची आहे. डोळ्यांना अखंड दिसणारी काळी रेघ भिंगाखाली राखाडी ठिपक्यांत विरघळली, आणि त्याच्या खांद्याचे ठिपके व सहीचे ठिपके एकाच ओळीत जात होते. वाईट वाटले हे खोटे कशाला सांगू. परंतु चार महिने मनात असलेली शंका फिटली.

शेकच्या कार्डावर मात्र रेघ सलग आहे. एके ठिकाणी पेन अडकून शाईचा लहानसा गोळा पडला आहे आणि कार्ड तिरके धरले की पाठीमागून उठाव दिसतो. मामांना फोन केला. ते म्हणाले, न्यू जर्सीतील मेडोलँड्सच्या सभागृहाबाहेर वाहनतळावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दीड तास वाट पाहिली, शेकने कार्ड गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली, आणि पेन मामांचेच होते. त्या दिवसाचे अर्धे फाडलेले तिकीट त्यांच्या जुन्या पासपोर्टात असल्याचे त्यांना आठवते.

एडिसनवासी

हे वाचून फार आनंद झाला. आपण म्हणाल, शेकची सही आंद्रेच्या तुलनेत साधी आहे. बाजारभावाने ते खरे आहे. शेक ७ जून २०२३ पर्यंत जगला आणि त्याने आयुष्यभर सह्या दिल्या. परंतु २३ जानेवारी १९८४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ज्याच्याकडून होगनने अजिंक्यपद घेतले तोच हा मल्ल, आणि सही होताना पाहणारा माणूस आपल्या घरातला आहे. कोणत्याही संस्थेची चिठ्ठी याहून अधिक काही सांगू शकत नाही, कारण त्यांचे तज्ज्ञ केवळ मत देतात. मामांकडून हा प्रसंग त्यांच्या हस्ताक्षरात, तारखेसह लिहून घ्यावा आणि तिकिटासोबत ठेवावा. आज ते सांगू शकतात, म्हणून आजच.

याच कारणासाठी मी नवीन संग्राहकांना आग्रहाने सांगतो, की दिवंगत मल्लांच्या सह्यांमागे आधी लागू नका. होगनचे २४ जुलै २०२५ रोजी निधन झाले. अशा बातमीनंतर सह्यांचा बाजारात पूर येतो आणि त्यांत नकलांचे प्रमाण मोठे असते. जे हयात आहेत त्यांची सही समोर उभे राहून घ्यावी. रेसलमेनियाच्या आठवड्यात त्याच शहरात होणाऱ्या रेसलकॉन या मल्ल आणि चाहत्यांच्या मेळाव्याला मी जातो. आपली नसलेली कार्डे पूर्ण झाली की यादी पाठवा, एखाद-दुसऱ्या कार्डावर आपल्यासाठी सही घेईन आणि सही होतानाचे छायाचित्रही काढीन.

गिरगावकर काका

एक विनंती करतो. सर्व चर्चा अमेरिकेच्या कागदावर चालली आहे, ते योग्यच आहे; पण व्यावसायिक कुस्तीचा एक मोठा अध्याय आपल्या मुंबईत घडला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि ‘किंग काँग’ या नावाने लढणारा मल्ल यांच्या फ्रीस्टाइल लढती होत, तेव्हा माझे वडील मला खांद्यावर बसवून घेऊन जात. १९६८ मध्ये याच मुंबईत दारा सिंगांनी अमेरिकी मल्ल लू थेझला हरवले, आणि पुढे २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्यांना मरणोत्तर आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले. त्या लढतींची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका आणि भित्तिपत्रके कोणी जपून ठेवली नाहीत, कारण त्यांना कोणी संग्राह्य मानलेच नाही. ती आता चोरबाजारात, रद्दीच्या दुकानांत आणि घरोघरच्या ट्रंकांत आहेत, आणि ती ओळखू शकेल असा माणूस एडिसनमध्ये नव्हे, तर येथेच असणार. दारा सिंग २००३ ते २००९ राज्यसभेत होते. त्या काळात त्यांचे पत्र ज्यांना आले असेल, त्यांच्याकडे ताडून पाहण्यासारखी सही आहे.

सातारकर (धागाकर्ता)

काका, आपले म्हणणे मनात घर करून राहिले. या वर्षीची रक्कम अशी वापरायचे ठरवले आहे : टॉप्सची २५ कार्डे, १९८२ च्या ‘बी’ मालिकेतील दोन साधी कार्डे, रजनीगंधाताईंनी सांगितलेले डबे व पिशव्या, आणि उरलेली रक्कम मुंबईच्या दोन फेऱ्यांसाठी. पहिली फेरी पुढच्या महिन्यात आहे. वरळीच्या लढतींची कार्यक्रमपत्रिका दिसायला कशी होती, एका पानाची की घडीची, आणि मजकूर इंग्रजीत असे की मराठी-हिंदीतही, हे आठवत असेल तर कृपया लिहावे, म्हणजे रद्दीच्या ढिगात हात घालताना काय शोधायचे ते कळेल.

गिरगावकर काका

निघण्याआधी माझ्याकडे या. वडिलांच्या ट्रंकेत एक तिकीट आहे. ते हातात घेऊन पाहा, मग जा.