धुळ्यात मोठ्या फुलांची क्लेमॅटिस: कोणते वाण घ्यावे आणि कसे जगवावे?

पांझराकाठ
नमस्कार. धुळ्यात देवपूरला आमचे बैठे घर आहे. उत्तरेच्या भिंतीलगत चार फूट रुंदीची पट्टी मोकळी असून तिथे फरशी असल्यामुळे वेल कुंडीतच लावावी लागेल. गेल्या वर्षी मनालीला एका कुंपणावर बशीएवढ्या फुलांची क्लेमॅटिस पाहिली, तेव्हापासून ती मनातून जात नाही. रोप, कुंडी, माती आणि आधार या सर्वांसाठी मिळून मी दीड हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, त्याहून अधिक खर्च करायचा नाही. कोणते वाण घ्यावे, ते कधी लावावे आणि उन्हाळ्यात त्याची निगा कशी राखावी, हे अनुभवींनी सांगावे. केवळ "लावू नका" असे उत्तर कृपया देऊ नये.

भुसावळकर
लावू नका. हे मी अनुभवाने सांगतो आहे, त्यामुळे राग मानू नये. तीन वर्षांत तीन रोपे आणली, एकूण चोवीसशे रुपये घातले आणि तिन्ही रोपे पहिल्याच मे महिन्यात गेली. आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच राहतात. ज्या वेलीला हिवाळ्यात खरी विश्रांती लागते, तिने इथे काय करावे? त्यापेक्षा नीलवेल, म्हणजे थनबर्जिया लावा. माझी नीलवेल गच्चीपर्यंत गेली आहे, फुले बऱ्यापैकी मोठी येतात आणि शेजारी फांदी मागायला येतात.

गच्चीवरची बाग
मी जळगावात असते. ताई, आधाराच्या बाबतीत कुचराई करू नका. मी लोहाराकडून दोन इंची पाइपाची कमान करून घेतली, रंगकामासह नऊ हजार रुपये लागले, पण आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावरच जाते. वेल मात्र त्या पाइपाला धरेना, म्हणून मला दर आठवड्याला सुतळीने बांधावी लागते. बहुधा रोपच अशक्त असावे.

लेस्टरचा पारोळेकर
रोप अशक्त नाही, पाइप जाड आहे. क्लेमॅटिसला द्राक्षासारखे तणावे, म्हणजे आधार पकडणारे तंतू, नसतात. तिच्या पानाचा देठच आधाराभोवती वळसा घालतो आणि तो देठ पेन्सिलीहून जाड वस्तूला कवेत घेऊ शकत नाही. कारल्याच्या मांडवाची नायलॉनची जाळी त्या कमानीला गुंडाळली, तर आठवडाभरात फरक दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोठ्या फुलांच्या वाणांत छाटणीचे दोन गट लक्षात ठेवावेत. नेली मोझर किंवा द प्रेसिडेंट यांसारखी वाणे पहिला बहर गेल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर देतात, म्हणून त्यांची छाटणी हलकी करतात. जॅकमनी आणि व्हिल द लियाँ ही वाणे त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात, म्हणून इथे इंग्लंडमध्ये आम्ही ती फेब्रुवारीच्या अखेरीस जमिनीपासून सुमारे एक फूट ठेवून सरसकट कापतो. खानदेशातल्या उन्हात वरची वेल वाळली, तरी जॅकमनी खालून फुटून पुन्हा फुलू शकते, तर नेली मोझरचा मोठा बहर त्या वर्षापुरता गेलाच म्हणून समजा. त्यामुळे माझे मत निःसंशय जॅकमनीला आहे. हे वाण इंग्लंडमध्ये वोकिंग इथल्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकरातून आले आणि आजही घरोघरी दिसते. माझ्या दारात बारा वर्षांची जॅकमनी आहे. जुलैमध्ये पाने शोधावी लागतात.

भुसावळकर
लेस्टरच्या जुलैत आणि भुसावळच्या मेमध्ये जो फरक आहे, तोच माझा मुद्दा आहे.

सातपुड्याची सावली
इथे सर्वजण क्लेमॅटिस ही जणू विलायती पाहुणी असल्यासारखे बोलत आहेत. आपल्या डोंगरांतली मोरवेल आणि रानजाई या क्लेमॅटिसच आहेत. त्यांची फुले लहान आणि पांढरी असतात, पण पावसाळ्यानंतर कुंपणे भरून टाकतात आणि त्यांचे पिसासारखे तुरे फुलांहून अधिक देखणे असतात. एक रुपयाही न खर्चता बी मिळते.

गच्चीवरची बाग
आमच्याकडे मोरवेल म्हणून दुसऱ्याच वेलीला ओळखतात.

सातपुड्याची सावली
नावे गावोगाव बदलतात, हे मान्य. ओळखायची खूण सांगतो: पाने समोरासमोर येतात, देठ वळसा घालतो आणि फळांना लांब मऊ शेपटी असते. आणखी एक गोष्ट, जिला आपण क्लेमॅटिसची पाकळी म्हणतो, ती पाकळी नव्हेच, ते रंगीत निदल, म्हणजे कळीचे बाहेरचे आवरण आहे.

पांझराकाठ
माहितीबद्दल आभार. मात्र मला मोठ्या फुलांचीच वेल लावायची आहे आणि खर्चाची मर्यादा दीड हजारच आहे.

चोपड्याची माळीण
ताई, वाण कोणतेही घ्या, पण कंद घेऊ नका. मी गेल्या वर्षी संकेतस्थळावरून "क्लेमॅटिसचे कंद, पाच रंग" अशी जाहिरात पाहून साडेचारशे रुपये भरले. जे आले ते कशाचे कंद होते, ते त्यांचे त्यांना ठाऊक. उगवले ते लिलीसारखे काहीतरी होते. क्लेमॅटिसला कंद नसतोच, तिला चिवट मुळांचा झुबका असतो, हे मला नंतर कळले. बियांचेही तसेच. मोठ्या फुलांची वाणे संकरित आहेत, त्यामुळे बियांपासून तोच रंग येईल याची खात्री नाही आणि बी उगवायलाच कित्येक महिने जातात. निळ्या फुलाचे चित्र छापलेली पुडी वीस रुपयांना मिळाली, तरी ती महागच पडेल. पहाडी भागातल्या रोपवाटिकेचे, पिशवीत मुळे धरलेले, किमान दोन वर्षांचे रोप मागवा आणि ते दिवाळीनंतर मागवा, म्हणजे प्रवासात उकडणार नाही.

रावेरचा केळीवाला
मी केळीचा शेतकरी आहे, फुलझाडांचा जाणकार नाही, परंतु पत्नीच्या हट्टामुळे ही वेल दोन उन्हाळे जगवली आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे वेल उन्हाने जाते त्याआधी मुळे भाजल्याने जाते. वर ऊन आणि पायाशी सावली, एवढे तिला हवे असते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मेमध्ये हात घालून पाहा, म्हणजे रोपाचे दुःख कळेल. मी अठरा इंच रुंद आणि तेवढीच खोल मातीची कुंडी घेतली, ती एका जुन्या सिमेंटच्या टाकीत ठेवली आणि मधल्या जागेत रेती भरून ती रेती रोज ओली केली. माठातले पाणी ज्या कारणाने थंड राहते, त्याच कारणाने मुळे थंड राहतात. वर केळीची वाळलेली पाने चार बोटे जाड पसरली, मात्र ती खोडाला टेकू दिली नाहीत.

निव्वळ काळी माती भरू नये, कारण ती पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून ती तोडते. मी दोन भाग नदीकाठचा गाळ, एक भाग भरड रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत घेतले. रोप पिशवीत होते त्यापेक्षा तीन बोटे खोल लावावे, म्हणजे वरचा भाग गेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून फूट येते. आमचे रोप पहिल्या जूनमध्ये पूर्ण वाळले होते. मी ते उपटून फेकणार होतो, पण पत्नीने कुंडीला हात लावू दिला नाही. श्रावणात खालून दोन कोंब आले.

भुसावळकर
फुले किती आली, ते लिहायचे राहिले.

रावेरचा केळीवाला
पहिल्या वर्षी सात, दुसऱ्या वर्षी अकरा. माझ्या पत्नीने ती मोजली आहेत.

कपाशीचा मर
कोवळी वेल एका दिवसात वरून मान टाकते आणि खोड काळे पडते, त्याला मर म्हणतात. कपाशीला करतो तशी बुरशीनाशकाची आळवणी करावी, म्हणजे औषध मुळाशी ओतावे.

लेस्टरचा पारोळेकर
नावात साम्य असले, तरी हा कपाशीचा मर नव्हे. क्लेमॅटिसची ही बुरशी मुळांत नसून खोडात आणि पानांत असते, त्यामुळे मुळाशी औषध ओतून फारसे साधत नाही. काळा भाग दिसला की त्याच्या खाली, निरोगी खोडापर्यंत कापावे, कापलेले अवशेष जाळावेत आणि वाट पाहावी. केळीवाल्या भाऊंनी सांगितलेली खोल लावणी इथेच उपयोगी पडते. कापताना हातमोजे घालावेत, कारण या वेलीच्या रसाने त्वचेची आग होते.

अमळनेरचा नाना
आधारासाठी पैसे कशाला घालवता? शेतातल्या चार पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणून कुंडीत खोचा. फांद्या बारीक असतात आणि देठांना धरायला सोप्या जातात.

कपाशीचा मर
पऱ्हाट्या घरात साठवू नयेत. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतात जाते.

अमळनेरचा नाना
चार काड्यांनी बोंडअळी पसरत नाही. तरीही बोंडे झोडून आणा, म्हणजे झाले.

शिरपूरचा मास्तर
एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. उत्तरेची भिंत म्हणजे बारमाही सावली, हे आपल्याकडे खरे नाही. धुळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि एप्रिलपासूनच सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या भिंतीवर येऊ लागते. म्हणजे नेमक्या कडक दिवसांत तुमची भिंत उन्हात असेल आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा कोवळे ऊन हवे, तेव्हा ती सावलीत असेल. कुंडी जड करू नका. हिवाळ्यात पूर्वेला सरकवता आली पाहिजे, उन्हाळ्यात पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधता आली पाहिजे.

पांझराकाठ
सर्वांचे आभार. मास्तरांचे उत्तर वाचून मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर खडूने उन्हाची रेघ मारली. ऑक्टोबर असल्याने अजून भिंत सावलीतच आहे.

निर्णय सांगते. मी नेली मोझर मागवली आहे. कोणी जॅकमनी, तर कोणी नीलवेल सुचवली, हे मी विसरलेले नाही. परंतु नेली मोझरच्या फिकट गुलाबी फुलातली गडद पट्टी प्रखर उन्हात विटते आणि सावलीत टिकते, असे वाचले. माझी भिंत ज्या महिन्यांत सावलीत असते, त्याच महिन्यांत मला फुले हवी आहेत. शिवाय पहिला बहर जुन्या फांद्यांवर येणार असेल, तर दोन वर्षांच्या रोपासोबत त्या फांद्या पहाडातून आयत्याच येतील. मेमध्ये वेल वाळली तर वाळली. शेवंती आणि डेलियादेखील आपण एका हंगामासाठीच आणतो.

हिशेब असा: रोप पाठवणावळीसह साडेसातशे, रेती आणि शेणखत दोनशे, आधाराची जाळी एकशे ऐंशी. कुंडीचे पैसे लागले नाहीत. सासूबाईंचा पाण्याचा रांजण तळाशी तडकून अडगळीत पडला होता, त्या तड्यातूनच पाणी निचरून जाईल. तो जड आहे, त्यामुळे मास्तरांचा सरकवण्याचा सल्ला मात्र मोडला.

भुसावळकर
रांजणाचे तोंड अरुंद असते. वेल वाळल्यावर मुळे बाहेर कशी काढणार?

पांझराकाठ
मुळे बाहेर काढणारच नाही. श्रावणापर्यंत थांबणार आहे.

गच्चीवरची बाग
ती जाळी किती फुटांची आणली आणि कोणत्या दुकानातून, ते कळवावे. माझी कमान सात फुटांची आहे.