एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावरच पेटतो : मॉड्युलेटर की पुढच्या चाकाची रिंग?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

गाडी 2009 ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही चाकांना एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) वेग मोजणारे सेन्सर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, इतक्या वर्षांनी कुठल्याही गाडीत येऊ शकेल असाच हा बिघाड आहे. आम्ही चोडणला राहतो आणि काम पणजीत, त्यामुळे रायबंदरची फेरीबोट रोजची. भरतीला रॅम्पवर पाणी चढलेलं असतं आणि ते खारट पाणी पुढच्या चाकांवर उडतंच. पावसाळ्यात वर तांबडा चिखल. माझा सगळा संशय या पाण्यावरच आहे.

सुरुवात अशी झाली. कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू, गाडी थांबता थांबता पेडलखाली कर्र-कर्र व्हायला लागलं. वेग दहा-पंधराच्या आत, ब्रेकही हलकाच दाबलेला, आणि तरी एबीएस काम करायला लागतं. पेडल पायाला ढकलतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. फेरीच्या रांगेत पुढच्या स्कूटरच्या मागे थांबताना हे झालं की छातीत धस्स होतं. काही आठवडे असं चाललं, मग पिवळा दिवा पेटायला लागला. दिवा पेटला की कर्र-कर्र बंद, कारण तेव्हा एबीएसच बंद झालेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. चावी फिरवली की दिवा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत नीट विझतो. गाडी उभी असेपर्यंत विझलेलाच राहतो, इंजिन कितीही वेळ चालू ठेवा. गाडी थोडी पुढे गेली की परत पेटतो. लाल ब्रेकचा दिवा मात्र एकदाही लागलेला नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी साधा स्कॅनर लावला, तो फक्त इंजिनचे कोड वाचणारा होता, त्यात काहीच आलं नाही. तेवढ्यावर निष्कर्ष काढला की मॉड्युलेटर (ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करणारं एबीएसचं युनिट) गेला, पूर्ण युनिट बदला. खर्च या गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फारच जास्त. मला हे पटत नाही. मॉड्युलेटरची मोटर किंवा आतलं सर्किट गेलं असतं, किंवा सेन्सरची वायर सरळ तुटलेली असती, तर दिवा बहुधा चावी फिरवल्यावर विझलाच नसता. इथे चाक फिरल्यावर तक्रार सुरू होते, म्हणजे फिरणाऱ्या चाकाकडून येणारा सिग्नल खराब आहे.

घरी एवढं तपासलं : बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14 च्या वर. एबीएसचे फ्यूज ठीक. ब्रेक ऑइल पातळीत. चारही टायर एकाच मापाचे.

मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. माझे सेन्सर जुन्या पद्धतीचे, दोन वायरींचे, आत कॉइल असलेले. (नव्या गाड्यांतल्या सेन्सरना मल्टीमीटर असा लावू नका, त्यांची तपासणी वेगळी असते.) कपलर काढून ओहम मोजले तर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच, हजार-बाराशेच्या आसपास. म्हणजे कॉइल शाबूत. पण मीटर एसी व्होल्टवर ठेवून हाताने चाक फिरवलं तेव्हा फरक दिसला. ड्रायव्हर बाजूला आकडा स्थिर राहतो. डाव्या बाजूला कमी दाखवतो आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा खाली पडतो.

डावा सेन्सर काढला. बोल्ट गंजलेला होता, तेल सोडून रात्रभर ठेवावा लागला. सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस आणि तांबडा चिखल मिळून लेप बसलेला. बसायच्या जागेवर गंजाचे पापुद्रे, त्यामुळे सेन्सर किंचित वर उचलला गेला असणार. चाकाबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या रिंगवरून सेन्सर वेग ओळखतो; त्या रिंगपासून अंतर वाढलं की कमी वेगात सिग्नल मरतो, आणि एबीएसच्या कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं. कर्र-कर्र होण्याचं कारण हेच असावं.

सगळं घासून साफ केलं, परत बसवलं. अंतर कमी झाल्याने दिवा आता उशिरा पेटतो, पण पेटतोच. म्हणून टॉर्च लावून एक्सलवरची दात्यांची रिंग एकेक दाता पुढे सरकवत पाहिली. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत एक काळी आडवी रेघ दिसते. नख फिरवलं की अडकतं. खालचा गंज फुगून रिंग तडकली असावी असं वाटतं. तसं असेल तर फेऱ्यात एकदाच आकडा पडण्याचा मेळही बसतो.

जाणकारांनी कृपया सांगावं :

नुसती रिंग बदलून मिळते का, की अख्खा ड्राइव्ह शाफ्टच घ्यायला सांगतात? रिंग गरम करून बसवतात असं ऐकलंय, पण शेजारच्या रबरी बूटला आणि आतल्या ग्रीसला धक्का न लावता ते कसं जमवतात? स्वतः करून पाहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं.

म्हापसा, डिचोली किंवा फोंडा भागात एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर कुणाकडे आहे? चारही चाकांचा वेग एकत्र पडद्यावर दाखवणारा असेल तर उत्तमच. हळू चालवताना डाव्या चाकाचा आकडा गळतो का, एवढंच बघायचंय. काही जुन्या गाड्यांत डायग्नॉस्टिक कपलरच्या दोन पिना जोडल्या की दिवाच लुकलुकून कोड सांगतो, पण चुकीच्या पिना जोडल्या तर नुकसान होईल म्हणून मी हात लावलेला नाही.

आणि शेवटचं. चवथीआधी आई-बाबांना घेऊन बेळगावला जायचं आहे, म्हणजे पावसात चोर्ला घाट. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, हे ठाऊक आहे. पण निसरड्या वळणावर चाक लॉक झालं तर सावरायला एबीएस नसेल. काम त्याआधी झालं नाही तर कदंबाच्या बसने जायचा विचार आहे. तुम्ही अशी गाडी घाटात नेली असती का?