उसाची चिपाडं केळीच्या बागेत टाकली तर चालतील का?

रावेरचा_केळीवाला: राम राम मंडळी, आमच्याकडचा रसवंतीवाला रोज चिपाडांचा ढीग उकिरड्यावर फेकतो, बघवत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तर केळीच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाकू का?

शहादेकर: टाका भाऊ, पण वरून पसरा, ताजी चिपाडं मातीत गाडू नका. त्यात कर्ब भरपूर अन् नत्र एकदम कमी, कुजताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात मग पानं पिवळी पडतात. आणि आधी उन्हात कडक वाळवा, नाहीतर गोडव्याला मुंग्या लागतात.

चोपडा_शेती: त्यापेक्षा खतच करा ना! बारीक तुकडे, शेणकाला, थोडा युरिया असे थर द्या, मधून मधून ढीग पलटा. मूठभर घेऊन दाबलं की हात ओला व्हावा पण पाणी गळायला नको, एवढीच ओल. काळं भुसभुशीत झालं की बिनधास्त टाका.

रावेरचा_केळीवाला: साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, मिळेल का?

शहादेकर: फुकट विसरा. टनभर उसामागे 280-300 किलो निघतो, त्यात निम्मं पाणी, तरी तोच बॉयलरला जाळून कारखाना चालतो, वीजही करतात, उरला तर कागदवाले नेतात. रसवंतीवाल्यालाच धरा.